नवल मिस्तरी अधिक एक

अकरा वर्षं माझ्या हजेरीवहीत तानुबाईचं नाव ‘+१’ असं होतं. ‘नवल मिस्तरी +१’. बांधकामावर जोडी ठेवायची आमच्याकडची जुनी पद्धत आहे. नवरा भिंत बांधणार; बायको वाळू चाळणार, माल कालवणार आणि घमेलं डोक्यावर घेऊन त्याला पोहोचवणार. दोघं मिळून एक नग. एका नगाला दोन नावं कशाला लिहायची, म्हणून मी ‘+१’ लिहायचो आणि वहीतली जागा वाचवली म्हणून खूश व्हायचो. 

मी ललित. धरणगावला राहतो, रोज पॅसेंजरनं नरडाण्याला येतो आणि एमआयडीसीत आमच्या कंपनीचं गोदामाचं काम चाललंय तिथे टाइमकीपर आहे. टाइमकीपर म्हणजे दुसरी माणसं उन्हात किती वेळ राबली ते सावलीत बसून लिहिणारा माणूस. आधी धुळ्याच्या साइटवर होतो, मग जळगावच्या, आणि नवल मिस्तरीची जोडी प्रत्येक ठिकाणी माझ्या मागोमाग किंवा मी त्यांच्या मागोमाग. 

तानुबाई बेटावदकडची. वय आधार कार्डाप्रमाणे एकोणपन्नास, तिच्या स्वतःच्या हिशेबानं चाळीस आणि गुडघ्यांना विचाराल तर सत्तरच्या पुढे. लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्यावर चिंध्यांची चुंबळ, चुंबळीवर घमेलं. सकाळी मिस्तरी लोक चहा घेत असतात तेव्हा तिनं वाळू चाळून ठेवलेली असते, विटा भिजवलेल्या असतात. मिस्तरी थापी हातात घेतो तेव्हा माल तयार. जणू तो रात्रीतून जमिनीतून उगवला. बोलणं कमी. माझ्याशी अकरा वर्षांत ती जेवढं बोलली ते एका पोस्टकार्डावर मावेल, आणि त्यातलं निम्मं ‘ललितभाऊ, जरा बाजूले व्हा’ असं होतं. 

तीन वर्षांपूर्वी नवल मिस्तरीचा उजवा खांदा धरला. हात छातीपर्यंत जाई, त्याच्या वर जायचं नाव घेत नसे. गवंड्याचा हात छातीशी थांबला की भिंतही छातीशी थांबायला हवी. पण नवल मिस्तरीच्या भिंती काही थांबेनात, उलट पहिल्यापेक्षा सरळ येऊ लागल्या. मुकादम म्हणायचा, म्हाताऱ्याचा हात आता कुठे बसलाय. 

खरं काय ते मला एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत कळलं. मीटरचा आकडा घ्यायला मी मागच्या बाजूला गेलो होतो. नवल मिस्तरी भिंतीकडे पाठ करून भाकरी खात बसला होता आणि बांबूच्या पायाडावर तानुबाई उभी. माल पसरला, वीट ठेवली, थापीच्या दांड्यानं दोनदा ठोकली, बाहेर आलेला माल निपटून घेतला, पुढची वीट. दोरीला वीट लागत नव्हती आणि दोरीपासून लांबही राहत नव्हती. मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. तिची नजर गेली तशी तिनं थापी पदराखाली लपवली. एखादी बाई चोरलेलं वांगं लपवील तशी. 

“ललितभाऊ, कोनले सांगू नका,” ती म्हणाली. “दोन दिनना सवाल शे. किरणना बापना खांदा बरा व्हई जाई.” 

किरण म्हणजे त्यांचा मुलगा, सुरतेला असतो. नवऱ्याचं नाव ती घेत नाही. मी कोणाला सांगितलं नाही. यात माझा काही मोठेपणा नव्हता. सांगितलं असतं तर वहीत खाडाखोड करावी लागली असती. दोन दिवसांचे दोन महिने झाले, दोन महिन्यांची दोन वर्षं. तिचा दिवस असा: सकाळी सहापासून घमेलं, दुपारी सगळे जेवतात तेव्हा भिंत, दुपारनंतर पुन्हा घमेलं, संध्याकाळी पत्र्याच्या खोलीत चूल. जेवायची कधी, हे मी विचारलं नाही. 

मागच्या वर्षी कंपनीला एकदम आमची काळजी वाटू लागली. काळजी वाटण्याचं कारण असं, की ज्यांच्यासाठी गोदाम बांधत होतो त्या परदेशी गिऱ्हाइकानं विचारलं, तुमच्या कामगारांच्या मनाचं कसं काय आहे? मन हा प्रकार आमच्या सामानाच्या यादीत नव्हता. मग पुण्याहून ज्योत्स्ना मॅडम आल्या. त्यांचा विषय होता कामाचा शीण आणि त्यातून येणारा उबग. याला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात हे त्यांनी आम्हाला पडद्यावर जळक्या काडीचं चित्र दाखवून समजावलं. बाहेर बेचाळीस अंश तापमान होतं, त्यामुळे जळण्याची कल्पना सगळ्यांना लगेच समजली. 

मग बावीस प्रश्नांचा फॉर्म. प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण. ‘खरं ते सांगा, नाव गुप्त राहील,’ असं प्रोजेक्ट मॅनेजर साहेबांनी माईकवरून सांगितलं आणि फॉर्मच्या पहिल्या ओळीत नाव, दुसरीत मोबाइल नंबर, तिसरीत आधार. आमची माणसं अनुभवी. साहेबानं ‘थकलास का?’ विचारलं तर त्याचा अर्थ ‘उद्यापासून येऊ नको’ असा असतो, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. एकशे बारा जणांनी सांगितलं, थकवा? कधीच नाही. झोप? उत्तम. काम? आवडतं. एकानं तर ‘सुट्टी आवडत नाही’ असंही सांगितलं. त्याला मी समज दिली की इतकंही बरं दिसत नाही. 

लिहितावाचता न येणाऱ्यांचे फॉर्म मी भरत होतो. तानुबाईला अठरावा प्रश्न वाचून दाखवला: तुमच्या कामाचा तुम्हाला अभिमान वाटतो का? 

“कोनतं काम?” 

“तुमचं, अक्का.” 

“मनं काय काम शे? काम त किरणना बापनं शे. मी माल देस.” 

ती खोटं बोलत नव्हती, हेच मला लागलं. मी पाचावर खूण केली आणि पुढच्या बाईला हाक मारली. 

मॅडमनी अहवाल दिला. इथे कोणालाही थकवा नाही, आणि हे फार गंभीर लक्षण आहे, कारण या लोकांची थकवा ओळखण्याची शक्तीच गेली आहे. थकवा निघाला असता तर उपाय जो होता, तोच न निघाल्यावरही निघाला: व्यावसायिकता वाढवा. माणूस स्वतःला मजूर न समजता व्यावसायिक समजू लागला, की त्याचा शीण उतरतो असं म्हणे संशोधन आहे. मॅडम मनापासून बोलत होत्या. बाई वाईट नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवतो. फक्त तिनं कधी घमेलं उचललं नव्हतं. मीही नव्हतं. 

तर आम्ही व्यावसायिक झालो. फाटकावर पाटी लागली: ‘तुम्ही मजूर नाही, बांधकाम व्यावसायिक आहात.’ पाटीखालची पाण्याची टाकी होती तशीच उन्हात. सकाळी आठला पाच मिनिटं अंग ताणायचा व्यायाम सुरू झाला. सहापासून वाळू चाळणाऱ्या बायका आठ वाजता अंग मोकळं व्हावं म्हणून हात वर करून उभ्या राहू लागल्या, आणि ती पाच मिनिटं चहाच्या सुट्टीतून कापली गेली. हजेरी मोबाइलवर चेहरा दाखवून. तानुबाईच्या चेहऱ्यावर सिमेंट असलं की मोबाइल तिला ओळखत नसे. धुऊन आली की ओळखे. एवढं मात्र झालं, की मोबाइलला ‘+१’ चालत नव्हतं. त्याला पूर्ण नाव लागलं. 

सगळ्यात गंमत हेल्मेटची. डोक्यावर हेल्मेट सक्तीचं, आणि घमेलंही डोक्यावरच. चुंबळ हेल्मेटखाली मावेना, हेल्मेटवर ठरेना. पहिल्याच दिवशी तीन घमेली घसरली आणि एक थेट सुरक्षा अधिकाऱ्याच्या बुटावर पडलं. मग तोड निघाली: साहेब दिसले की बायकांनी हेल्मेट घालायचं, माल न्यायचा असला की पाठीवर टाकायचं. सुरक्षा अधिकाऱ्यानं डोळ्यांवर गॉगल चढवला आणि सगळं सुरळीत झालं. 

त्यानंतर प्रमाणपत्राची परीक्षा आली. दहा उमेदवार, प्रत्येकानं एक मीटर लांब, एक मीटर उंच विटांची भिंत बांधायची, वेळ अडीच तास. पास होईल तो ‘कुशल’, उरलेला ‘सहाय्यक’. फॉर्मवर छापलेलं होतं: महिला उमेदवार किमान एक. मॅनेजर साहेब म्हणाले, फोटोपुरती कोणीतरी बाई टाक. मी तानुबाईचं नाव टाकलं. साहेबांना फोटो हवा होता. मला काय हवं होतं ते मी साहेबांना सांगितलं नाही. 

परीक्षक होते धुळ्याचे अय्युब सर. वडील गवंडी, आजोबा गवंडी. हे एकटे शिकून मास्तर झाले होते आणि गवंड्यांसमोर त्याबद्दल थोडे खजील असायचे. त्यांनी शिट्टी वाजवली आणि ते कागदांच्या ढिगात शिरले, कारण प्रत्येक उमेदवाराचा चार बाजूंनी फोटो काढून ॲपमध्ये चढवायचा होता आणि नरडाण्याचं नेटवर्क आपल्या सवडीनं येतं. 

शिट्टी वाजली तसे नऊ मिस्तरी दोरी बांधायला लागले. आणि तानुबाई फावडं घेऊन सिमेंटच्या ढिगाकडे गेली. 

मी कुंपणाबाहेर उभा होतो. पहिल्यांदा वाटलं, स्वतःचा माल कालवतेय. तिनं कोरडा माल तीनदा वरखाली केला, मधे आळं केलं, पाणी ओतलं, कालवला, घमेल्यात भरला आणि नवल मिस्तरीला नेऊन दिला. म्हटलं, नवरा आहे, चालायचंच. मग दुसरं घमेलं शेजारच्याला, तिसरं त्याच्या शेजारच्याला. मग विटा भिजवल्या, सगळ्यांच्या. तोवर पहिल्याचा माल संपत आला होता, मग पुन्हा पहिल्यापासून. मी कुंपणाच्या जाळीत तोंड घालून ओरडलो, “अक्का, तुमची भिंत!” 

“करस ना भाऊ,” ती घमेलं सावरत म्हणाली. “पहिले बठ्ठास्ले माल देई देस.” 

नऊच्या नऊ मिस्तऱ्यांपैकी एकालाही त्यात वावगं वाटलं नाही. त्यांना वाटलं परीक्षेत मालाची सोय असते. नवल मिस्तरीलाही वाटलं नाही, आणि तिला तर नाहीच नाही. सत्तावीस वर्षं मिस्तरी उभा राहिला की माल द्यायचा, एवढंच तिच्या हातांना ठाऊक होतं. 

अय्युब सरांनी मान वर केली तेव्हा पाऊण तास उरला होता. ते धावतच आले. तिच्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि थापी दिली. त्या पाऊण तासात तानुबाईनं जी भिंत बांधली ती सात थरांची होती, आणि सरांनी ओळंबा लावला तेव्हा तो केसाइतकाही हलला नाही. सरांनी कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग कागद काढला. कागदावर रकाना होता: भिंत पूर्ण, होय की नाही. 

“अक्का, दुसऱ्यांचा माल का कालवला तुम्ही?” 

“मंग कोन कालवतं?” तानुबाईनं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. 

सर माझ्याकडे बघून म्हणाले, “ललितभाऊ, नियमात लिहिलंच नाहीये. नियम करणाऱ्यांना वाटतं माल नळाला येतो.” आठ जण कुशल झाले, त्यात नवल मिस्तरी. एक मीटरची भिंत छातीच्या खाली, त्याचा खांदा उघडा पडलाच नाही. तानुबाई ‘सहाय्यक’. फोटो मात्र तिचाच फाटकावर लागला, हातात थापी, डोक्यावर हेल्मेट, खाली ‘महिला शक्ती’. त्या फोटोखालून ती रोज घमेलं घेऊन जायची. मला त्या फ्लेक्सची इतकी चीड आली की मी फाटकातून येताना दुसरीकडे बघायला लागलो. 

आता खरी पंचाईत झाली. नव्या नियमांत एक असा होता: जेवणाच्या सुट्टीत कामाच्या जागी कोणीही थांबायचं नाही, सुरक्षेसाठी पायाडाला कुलूप. म्हणजे तानुबाईची दुपार गेली. नवल मिस्तरीच्या भिंती छातीपर्यंत येऊन थांबू लागल्या. एक थांबली, दुसरी थांबली. मागच्या अंगणात छातीइतक्या उंचीच्या चार भिंती उभ्या राहिल्या. मॅनेजर साहेबांनी विचारलं, हा माणूस कुशल आहे ना? मग वरचं कोण बांधणार? आणि महिनाअखेरपर्यंत सुधारणा नसेल तर जोडी बदला, म्हणाले. एक गेला की दोघं जातात, जोडीचा हिशेब तोच असतो. 

नवल मिस्तरी माझ्या केबिनमध्ये आला. या माणसाला मी अकरा वर्षं ओळखतो. त्यानं कधी कोणापुढे मान खाली घातल्याचं मला आठवत नाही. बसला नाही. दाराशीच उभा राहिला. 

“ललितभाऊ, हात वर जास नही मना.” 

“मला ठाऊक आहे, भाऊ.” 

“तुले कवयपासून ठाऊक शे?” 

“दोन वर्षं.” 

“मन्या भिंती मी नही बांध्यात,” तो म्हणाला. “लोके मना हातनं नाव काढेत, आन मी आयकी ले. तिनं नाव टाक परीक्षाले. आते खरंखुरं.” 

हे बोलताना त्याला किती जड गेलं असेल ते मी सांगू शकत नाही. मी फॉर्म शोधायला कपाटात डोकं घातलं. 

तानुबाई मात्र तयार होईना. तिला बोलावलं तर ती नवऱ्याकडे न बघता मलाच म्हणाली, “मी पास व्हई गई त ह्या काय करतीन?” 

“तुले माल देसू,” नवल मिस्तरी म्हणाला. “आखो काय?” 

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, त्यास्ले कालवता येस नही. हे तिनं काळजीनं म्हटलं, टोमणा म्हणून नव्हे, आणि म्हणूनच नवल मिस्तरीला जास्त लागलं. पण तो हसला. 

फेरपरीक्षेच्या दिवशी मी साहेबांना खोटं कारण सांगून सकाळपासून कुंपणाशी उभा. तानुबाईला मी बजावून ठेवलं होतं: आज कोणाकडे बघायचं नाही. अय्युब सरांनी सुरुवातीलाच मोठ्यानं सांगितलं, “ज्याचा माल त्यानं कालवायचा.” शिट्टी वाजली. तानुबाईनं आपलं फावडं उचललं आणि आपल्यापुरता माल कालवला. बाकीचे नऊ जण सिमेंटच्या ढिगासमोर उभे होते. बाहेरगावच्या साइटवरचे मिस्तरी, वीस-वीस वर्षं भिंती बांधलेले. एकानं आधी पाणी ओतलं आणि मग सिमेंट शोधलं. एकाच्या मालाची कढी झाली आणि घमेल्यातून वाहून गेली. एक जण वाळू आणि सिमेंटचं प्रमाण शेजारच्याला विचारत होता आणि शेजारचा त्याला विचारत होता. 

तानुबाईचं चित्त भिंतीत लागेना. कोणी पाणी जास्त ओतलं की तिचा हात आपोआप पुढे जाई, मी कुंपणाबाहेरून खाकरलो की मागे येई. एवढं सिमेंट वाया जाताना तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. शेवटी तिनं सगळ्यांकडे पाठ केली आणि दोरी ताणली. दीड तासात भिंत पूर्ण, सांधे पुसून स्वच्छ. उरलेला तासभर ती डोळे मिटून बसून राहिली, बाकीच्यांचं बघवेना म्हणून. 

कुशल. प्रमाणपत्रावर नाव, वडिलांचं नाव, फोटो. त्या दिवशी मी वही काढली, जुनी ‘+१’ ची पानं उलटली आणि मला माझीच लाज वाटली. 

बाकीच्या मिस्तऱ्यांनी तिचं स्वागत कसं केलं ते सांगण्यासारखं आहे. बाईची दोरी आमच्या दोरीला जोडायची नाही, म्हणाले. मग तिला मागच्या बाजूच्या संडासांच्या खोल्या दिल्या; बाईमाणसाला सुरुवात सोपी असावी, असं त्यांना कळकळीनं वाटलं. तिनं संडास इतके काटकोनात बांधले की शेजारची मुख्य भिंत वाकडी असल्याचं पहिल्यांदा दिसलं, आणि ती पाडून पुन्हा बांधावी लागली. मग कोणी दोरीबद्दल बोललं नाही. खाली नवल मिस्तरी माल कालवायचा. पहिले पंधरा दिवस तिनं वरून निम्मी घमेली परत पाठवली. तो मुकाट परत कालवायचा, डाव्या खांद्यावरून न्यायचा, आणि संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसला की म्हणायचा, बाई भलती कडक शे. सांगताना त्याच्या मिशा हसत असायच्या. 

तीन महिन्यांनी ज्योत्स्ना मॅडम पुन्हा आल्या, व्यावसायिक झाल्यावर आमचा शीण किती उतरला ते मोजायला. एकशे अकरा जणांना अजूनही थकवा नव्हता. तानुबाईला मी पहिला प्रश्न वाचला: दिवसाच्या शेवटी थकल्यासारखं वाटतं का? 

“वाटस ना,” ती म्हणाली. “भलती थकस मी. मान दुखस, कंबर दुखस, रातले बोटे वळतस नही. लिख.” 

“अक्का, मागच्या वेळी तर काहीच नाही म्हणाला होतात.” 

“घमेलंवालीना थकवा कोन लिखस? आते मी मिस्तरी शे. मिस्तरी थकस.” 

बावीस प्रश्नांना ती पाऊण तास बोलली. सत्तावीस वर्षांचं एकदम बाहेर आलं: उन्हातली टाकी, व्यायामानं खाल्लेला चहा, बाळंतपणानंतर तेराव्या दिवशी उचललेलं घमेलं, सगळं. मॅडमच्या आलेखावर एकशे अकरा ठिपके तळाशी आणि एक ठिपका थेट वर, छताला टेकलेला. मॅडम हिरमुसल्या. प्रमाणपत्र मिळाल्यावर थकवा कमी व्हायचा, हिचा शून्यावरून शंभरावर गेला. पण बाई मायाळू. त्यांनी लाल शाईनं शिफारस लिहिली: सदर महिला कामगारास ताबडतोब हलके काम द्यावे. 

मॅनेजर साहेबांनी कंपनीची यादी काढली. ‘हलकी व अकुशल कामे’ असा एकच रकाना होता. त्यात होतं: वाळू चाळणे, विटा भिजवणे, माल कालवणे, माल पोहोचवणे. साहेब म्हणाले, चला, हे तर तिला येतंच. ललित, जाऊन सांग, आजपासून भिंतीवर चढायचं नाही. तब्येत महत्त्वाची. 

मी कागद घेऊन निघालो. तानुबाई दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर पायाडावर होती. खाली नवल मिस्तरी नुकतंच एक घमेलं भरून उभा होता. मला वर चढवेना, मी खालूनच कागद वाचून दाखवला. तिनं हातातली वीट ठेवली, ठोकली, कड साफ केली आणि मग विचारलं, 

“हलकं म्हन्जे कोनतं काम, भाऊ?” 

मी यादी वाचली. वाचताना शेवटचे दोन शब्द पोटातच राहिले, पण तिला कळायचे ते कळले. नवल मिस्तरीनं मान दुसरीकडे वळवली. 

तिनं थापीचं टोक त्या भरलेल्या घमेल्याकडे केलं. “ते उचल रे भाऊ,” म्हणाली. “वर लई ये.” 

मी हसलो. ती हसली नाही. आजूबाजूच्या थाप्या थांबल्या. 

मी उचललं. म्हणजे पहिल्यांदा नाही उचललं गेलं. दुसऱ्यांदा गुडघ्यापर्यंत आलं, तिसऱ्यांदा नवल मिस्तरीनं हात लावला तेव्हा खांद्यावर गेलं. उताराच्या फळ्यांवरून चढताना माझे पाय लटपटत होते, माल कॉलरमधून पाठीवर उतरत होता आणि छातीत भाता चालला होता. अकरा वर्षं मी अशी किती घमेली गेली ते मोजत होतो, एकदाही वजन विचारलं नव्हतं. वर पोहोचलो तेव्हा घमेल्यात निम्माच माल उरला होता. तानुबाईनं त्यातला थापीभर घेतला, पसरला आणि पुढची वीट ठेवली. 

“हलकं शे का?” तिनं भिंतीकडेच बघत विचारलं. 

मी खाली उतरलो, तसाच माखलेला साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. 

“साहेब, ते हलकं काम तानुबाईला देता येणार नाही.” 

“का?” 

“ती थकलेली आहे. मॅडमच्या अहवालात आहे.” 

साहेबांनी अहवाल पाहिला, माझा शर्ट पाहिला, थोडा विचार केला. 

“खरंच की,” ते म्हणाले. “असल्या कामाला धडधाकट माणूस लागतो. तिला राहू दे भिंतीवरच.”